तालमीचे पैसे कोण देणार?

१८४३ साली सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या इच्छेने आणि त्यांच्याच आश्रयाने. मराठी रंगभूमीचा जन्म सांगताना हे साल हटकून सांगितले जाते; १८५१ची आठवण मात्र क्वचित निघते. त्या वर्षी आप्पासाहेब वारले, दरबाराचा हात आखडला आणि भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव हिंडू लागले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. धंदेवाईक मराठी रंगभूमी सुरू झाली ती अशी, आश्रय सुटल्यामुळे. सरकारी अनुदाने आटली की ही गोष्ट दिलासा म्हणून सांगता येते: राजा गेला तरी नाटक राहिले, कलावंत वाट काढतोच. पण या गोष्टीचा एक अर्धा भाग नेहमी गाळला जातो. भाव्यांनी मुंबईकरांना तिकिटावर जे दाखवले ते मुंबईत घडलेले नव्हते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून तसे काही मराठीत करावे ही कल्पना, सूत्रधाराची पदे, सोंगे, राक्षसांच्या आरोळ्या, पोरांना शिकवून तयार करणे, फसलेले टाकून नवे बसवणे, हे सगळे दरबाराच्या आधाराने चाललेल्या आठ वर्षांत झाले. तिकिटाने पैसे दिले ते तयार झालेली वस्तू दाखवण्याचे. ती तयार होईपर्यंतचे पैसे सांगलीकरांनी देऊन ठेवले होते.

मराठीत ‘तालीम’ हा शब्द नाटकाला चालतो, गाण्याला चालतो आणि कुस्तीलाही चालतो. तिन्हीकडे त्याचा अर्थ एकच आहे: लोकांसमोर येण्याआधी, कोणी पाहत नसताना केलेले काम. कलेच्या अर्थकारणातला सगळ्यात अवघड खर्च हाच, कारण त्या वेळी विकायला काहीच तयार नसते. सरकारी मदत कमी झाली तर कलावंतांनी पर्यायी निधी शोधावा, असे सांगणारे लोक पैसा हा पैसाच असतो असे गृहीत धरतात. एका थैलीतून नाही मिळाला तर दुसरीतून घ्यावा, काम तेच होईल. तसे होत नाही. प्रत्येक थैलीचे तोंड वेगळ्या खर्चाकडे असते. तिकीट प्रयोगाचा खर्च भागवते, प्रायोजक फलकाचा, लोकवर्गणी एखाद्या ठरावीक उपक्रमाचा, आणि स्वामित्वधन जुन्या कामाचे पैसे देते. तालमीकडे तोंड असलेल्या थैल्या फार थोड्या आहेत. म्हणून पैसा आणखी कुठून येईल हे विचारण्याआधी कोणता खर्च उघडा पडला आहे हे पाहावे लागते.

आपल्याकडे सरकारी थैली मुळात केवढी, हेही एकदा पाहू. २०२४-२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संस्कृती मंत्रालयासाठी सुमारे ३,२६० कोटी रुपये होते आणि एकूण अंदाजपत्रक होते सुमारे ४८ लाख कोटींचे. म्हणजे शंभर रुपयांतले सात पैसे. त्या सात पैशांतला मोठा वाटा पुरातत्त्व सर्वेक्षणाला, म्हणजे किल्ल्यांना, लेण्यांना आणि उत्खननांना जातो. तो जावाच, पण त्यामुळे जिवंत कलावंताच्या वाट्याला काय उरते याचा अंदाज येतो. इतक्या लहान रकमेची कपात मोठ्या घोषणेने करावी लागत नाही. हप्ता लांबला, फाईल अडकली, ठरलेली रक्कम महागाई वाढली तरी तीच राहिली, की कपात आपोआप होते. नाटक मंडळीला मार्चचा पैसा नोव्हेंबरात मिळाला तर मधल्या काळाचे व्याज मंडळीनेच भरलेले असते, आणि तो आकडा कोणत्याही सरकारी तक्त्यात येत नाही.

‘चांगले असेल ते विकले जाईल’ हा या विषयावरचा सगळ्यात जुना आक्षेप. त्याला सर्वांत नेमके उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दिले. त्यांचे म्हणणे साधे होते. कारखान्यात यंत्रे सुधारतात, तेवढ्याच माणसांकडून दुप्पट माल निघतो, म्हणून मजुरी वाढली तरी परवडते. प्रयोगकलांत ही सोय नाही. चार वादकांची रचना शंभर वर्षांपूर्वी चौघांनी जितक्या वेळात वाजवली तितकाच वेळ आणि तितकीच माणसे आजही लागतात. बाहेर सगळ्यांची मजुरी वाढत असताना या चौघांना १९०० सालच्या मजुरीवर ठेवता येत नाही, म्हणून प्रयोगाचा खर्च दर साली चढत जातो आणि तिकीट त्याला गाठू शकत नाही. हा मुद्दा ख्यालगायकीला जसाच्या तसा लागू होतो. एक राग तासभर मांडायला गायक, तबला, पेटी, मागे तंबोऱ्यावर दोघे. यात कोणाला कमी करणार? ध्वनिमुद्रण, दूरचित्रवाणी, यूट्यूब यांनी श्रोते हजारपट वाढवले हे खरे, आणि बॉमोल-बोवेनच्या हिशेबाला ती मोठी सूट आहे. पण श्रोते वाढले ते तयार झालेल्या गाण्याला. गवई तयार व्हायला लागणारी पंधरा-वीस वर्षे कोणत्याही यंत्राने कमी केलेली नाहीत.

लोकप्रियता हाच आधार मानणाऱ्यांनी गंधर्व नाटक मंडळीकडे पाहावे. बालगंधर्वांइतका लाडका नट मराठी प्रेक्षकाला दुसरा मिळाला नाही. १९२१ मध्ये केशवराव भोसल्यांबरोबर केलेल्या संयुक्त ‘मानापमाना’ने टिळक स्वराज्य फंडाला एका रात्रीत हजारो रुपये मिळवून दिले. तरीही मंडळी कर्जात होती. तिच्यामागे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता तोही पुरला नाही, आणि बोलपट आल्यावर काही वर्षांतच मंडळी मोडली. बालगंधर्वांच्या शाही खर्चिकपणाला दोष देण्याची पद्धत आहे. अत्तर, शालू, भरजरी पडदे यांवर पैसा उधळला गेला हे खरेच. तरी नुसत्या उधळपट्टीने या मोडण्याचा उलगडा होत नाही, कारण काटकसरी मंडळ्याही त्याच सुमारास बसल्या. पगारी नट, वादक, बिऱ्हाड आणि सामान वर्षभर सांभाळायचे आणि उत्पन्न मात्र फक्त पडदा वर गेलेल्या रात्री, हा मूळचा हिशेबच लंगडा होता. पुढच्या व्यावसायिक नाटकाने तो लंगडेपणा काढला, पण कोणाच्या पदरातून ते पाहावे. आज नटाला ‘नाईट’ मिळते. प्रयोग झाला तर पैसे. महिना-दीड महिना चाललेल्या तालमींचा वेगळा मोबदला देण्याची रीत नाही. नाटक चालले तर ती भरपाई नाईटमधून होईल असा अलिखित करार असतो, आणि पंचवीस प्रयोगांत नाटक पडले तर तालीम फुकट जाते. तालमीचा खर्च नाहीसा झाला नाही. निर्मात्याच्या वहीतून तो नटाच्या घरखर्चात गेला.

शिवाय तिकीट तरी पूर्णपणे आपल्या पायावर उभे आहे का? पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर महापालिकेचे आहे आणि राज्यातली बरीच नाट्यगृहे पालिकांनीच बांधलेली आहेत. बाजारभावाने जमिनीचे भाडे आकारले तर बहुतेक नाटकांचा दुसरा प्रयोग होणार नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीतून सूट आहे, तीही एक प्रकारची सरकारी मदतच. तिकीटखिडकीमागे सरकार उभे असते, फक्त ते दिसत नाही. म्हणून ‘अनुदान नको, बाजार हवा’ असे म्हणणाऱ्याला एवढेच विचारावे की बाजार कोणाच्या जागेवर भरतो.

कंपन्यांच्या पैशाबद्दल आपल्याकडे मोठ्या आशा आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक आकारावरील कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत वारसा, कला, संस्कृती आणि पारंपरिक हस्तकला स्पष्ट लिहिलेल्या आहेत. प्रत्यक्षात बहुतेक पैसा शिक्षण आणि आरोग्याकडे जातो, आणि त्याबद्दल तक्रार करणे अवघड आहे. पण कलेकडे येतो तो पैसाही मोजता येईल अशा गोष्टीकडे वळतो. किती कार्यशाळा झाल्या, किती मुले आली, इमारतीचा किती भाग दुरुस्त झाला, छायाचित्रे कुठे आहेत. अहवालात भरता येईल तेच कंपनी उचलते. एका नाटककाराने आठ महिने बसून तीन अंकांपैकी दोन फाडून टाकले, हा अहवाल कोणत्या रकान्यात बसणार? महोत्सवाला, पुरस्काराला, संग्रहालयाच्या दालनाला हा पैसा उत्तम. तो मागावा आणि त्याच कामाला लावावा. त्यातून तालीम निघेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल.

कंपनीपेक्षा वेगळी बुद्धी दाखवल्याचे एक जुने उदाहरण मुंबईतच आहे, आणि विशेष म्हणजे ते शास्त्रज्ञाचे आहे. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेची इमारत उभी करताना बांधकामाच्या रकमेतला एक टक्का चित्रे आणि शिल्पे विकत घेण्यासाठी वेगळा काढला. हुसेन, आरा, गायतोंडे यांची चित्रे त्या पैशातून आली, तीही त्यांच्या चित्रांना फारसे गिऱ्हाईक नव्हते त्या काळात. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पैसा दान म्हणून आला नाही, खरेदी म्हणून आला; चित्रकाराला पुढच्या चित्राचा वेळ मागच्या चित्राच्या विक्रीने मिळाला. आणि तो कोणाच्या लहरीवर नव्हता, बांधकामाच्या खर्चाला बांधलेला होता. आज पालिका, रेल्वे, मेट्रो, विमानतळ यांची बांधकामे ज्या प्रमाणात चालू आहेत ते पाहता हा एक टक्का केवढा होईल, याचा हिशेब एखाद्या अभियंत्यानेच करावा. (भिंतीवर एकाच साच्यातली वारली चित्रे छापून घेणे म्हणजे हा एक टक्का नव्हे, हेही सांगून ठेवायला हवे.)

लोकवर्गणीची गोष्ट निघाली की ‘मंथन’चे नाव येतेच. श्याम बेनेगल यांच्या १९७६ च्या या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख रुपये उभे राहिले. पटकथेवर विजय तेंडुलकरांचे नाव आहे, म्हणून मराठी माणसाला त्याचे थोडे अधिक अप्रूप. पण या उदाहरणावरून ‘लोकांकडे मागा, लोक देतात’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ते पाच लाख लोक चित्रपटासाठी जमले नव्हते. रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालणारे ते सभासद होते, त्यांची संस्था होती, हिशेबाची वही होती आणि एकमेकांवर विश्वास होता. वर्गणी मागण्यापूर्वी समाज जमलेला होता. ग्रंथालीचे यशही त्याच जातीचे. सत्तरच्या दशकात वाचकांनी आधी सभासद व्हावे, आगाऊ पैसे द्यावेत आणि पुस्तके मग यावीत, असा मार्ग या वाचक चळवळीने धरला. ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ ही पुस्तके तिथून आली. प्रस्थापित प्रकाशकांचे गणित ज्या लेखकांना सामावून घेत नव्हते त्यांना आगाऊ पैसे भरलेल्या वाचकांनी जागा दिली. आज इंटरनेटवर मदतीचे पान उघडायला दहा मिनिटे लागतात, पण ते पान कोणाला पाठवायचे ती यादी तयार व्हायला दहा वर्षे. ज्याच्याकडे यादी नाही त्याचे पान नातेवाईक आणि वर्गमित्र भरतात, एकदा. दुसऱ्या वेळी तेच नातेवाईक फोन उचलत नाहीत. सभासदत्व आणि एकवेळची वर्गणी यांतला फरक एवढाच, पण तो निर्णायक आहे: सभासद पुढच्या, अजून न झालेल्या कामाचेही पैसे देतो. म्हणून मोठ्या मोहिमेपेक्षा दरमहा थोडे देणारे दोनशे लोक कलावंताला अधिक उपयोगी. त्यांच्या पैशात तालीम बसते.

आता त्या आश्रयदात्याकडे येऊ ज्याचे नाव कोणत्याही श्रेयनामावलीत नसते. साठ-सत्तरच्या दशकांतली मराठी प्रायोगिक रंगभूमी कोणाच्या पैशावर चालली? डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. ‘घाशीराम कोतवाल’चे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, त्यातले नाना फडणवीस मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागात. महेश एलकुंचवार प्राध्यापक. यांच्याभोवती बँका, आयुर्विमा, रेल्वे, सचिवालय, शाळा यांतली माणसे होती, जी संध्याकाळी कचेरी सुटली की तालमीला येत. ठरलेल्या वेळी सुटणारी, वर्षाला रजा देणारी, निवृत्तिवेतनाची हमी असलेली नोकरी हीच या रंगभूमीची शिष्यवृत्ती होती. त्याच्या जोडीला दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह. शाळेने नाटकाला पैसे दिले नाहीत, परवडेल अशी जागा दिली, आणि ‘आविष्कार’ने तिथे एक चळवळ उभी केली. या सगळ्याला कोणी कलानिधी म्हटले नाही, पण तालमीचा खर्च इथूनच भागत होता. आता नोकऱ्या कंत्राटी झाल्या, कचेरीची वेळ फोनमध्ये शिरून रात्री अकरापर्यंत लांबली, आणि दादरहून कलाकार वसई-बदलापूरला राहायला गेले. सांस्कृतिक खात्याच्या तरतुदीत एका रुपयाची कपात न होताही प्रायोगिक रंगभूमीचे अनुदान असे अर्ध्यावर आले. कलेचा निधी आटतो आहे असे आपण म्हणतो तेव्हा मोठा भाग या छुप्या निधीचा असतो.

या छुप्या निधीत एक अन्यायही होता आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ही शिष्यवृत्ती ज्यांना शिक्षणाने नोकरी दिली त्यांनाच मिळाली. तमाशाच्या फडातल्या बाईला संध्याकाळी सहाला सुटणारी कचेरी कधीच नव्हती. तिचा तालमीचा काळ म्हणजे पावसाळा. दसऱ्याला हंगाम सुरू होतो, चैत्र-वैशाखात जत्रांचा भर असतो, नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. मग पाऊस लागतो आणि कनाती गुंडाळल्या जातात. त्या मोकळ्या महिन्यांत नवे वग बसवायचे, नवी माणसे जोडायची. खायचे कशावर? उचलीवर. फडमालक सावकाराकडून उचल घेतो, कलावंत फडमालकाकडून घेतो, आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो. म्हणजे तमाशाला तालमीचा निधी मिळतोच, पण तो व्याजाने मिळतो. २०२० आणि २०२१च्या हंगामांत जत्राच भरल्या नाहीत तेव्हा उचल तशीच राहिली आणि उत्पन्न शून्य झाले. विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला आणि अखेरची वर्षे हलाखीत गेली, याची खंत आपण दर वर्षी व्यक्त करतो. पण पुरस्कार ही तर झालेल्या कामाची पावती. त्यातून पावसाळा निघत नाही.

शास्त्रीय संगीताने या बाबतीत अधिक चतुराई दाखवली. राजर्षी शाहू १९२२ मध्ये गेल्यावर अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरातून मुंबईला आले, आणि तिथे तालमीचा भार शिष्यांनी व त्यांच्या धनिक आश्रयदात्यांनी उचलला. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तर त्याआधीच, १९०१ मध्ये, लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून दरबाराऐवजी समाजाकडे हात पसरला. मुंबईत त्यांनी कर्ज काढून मोठी इमारत बांधली ती पुढे लिलावात गेली. वास्तूवरचा खर्च हा उत्साही संस्थाचालकांचा जुनाच खड्डा. पण त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले आणि परीक्षांचे जाळे विणले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढणाऱ्या मुलांच्या शुल्कावर आणि त्यांच्या शिकवण्यांवर गावोगावच्या गायक-वादकांची घरे चालली. त्या परीक्षांनी गाण्याला साचेबंद केले ही टीका खरी आहे. पण मैफल न मिळणाऱ्या हजारो कलाकारांना गाण्यातच राहता आले ते याच साच्यामुळे. संस्थाने १९४८-४९ मध्ये विलीन झाली तेव्हा उरलेल्यांना आकाशवाणीने सांभाळले, मात्र स्वतःच्या अटींवर.

इथे दुसरा मोठा आक्षेप समोर येतो. सरकारी पैसा म्हणजे सरकारी लगाम. तो कमी झाला तर कला मोकळीच होईल, नाही का? आकाशवाणीकडे पाहिले तर यात तथ्य आहे. बाळकृष्ण केसकरांसारख्या मराठी मंत्र्याने १९५२ मध्ये चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले, गवयांच्या श्रेण्या लावल्या, आणि श्रोते निमूटपणे रेडिओ सिलोनकडे गेले. पण लगाम फक्त सरकारच्या हातात असतो हे खरे नाही. ‘घाशीराम’चे प्रयोग एकोणीसवर थांबले ते शासनाने बंदी घातली म्हणून नव्हे, ज्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते केले तिच्यातच वाद झाला, आणि नट-दिग्दर्शकांना बाहेर पडून थिएटर अकादमी काढावी लागली. प्रायोजकाला वाद नको असतो, देवस्थानाला विटाळ नको असतो, सभासदाला त्याच्या आवडीचे हवे असते. उलट शासन एक पैसाही न देता नाटकाची संहिता तपासते, हा अनुभव आपल्या रंगभूमीला पिढ्यान्‌पिढ्या आहे. अनुदान थांबल्याने परिनिरीक्षण थांबत नाही. कोणती थैली लगामाशिवाय येते हे शोधण्यापेक्षा एकाच थैलीवर जीव टांगू नये, एवढे शहाणपण पुरे. तीन-चार थैल्या असल्या की एकीने दोरी ओढली तर दुसरीकडे वळता येते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. कलावंतांनी पर्याय शोधून दाखवले तर सरकारला हात काढायला सबब मिळेल. नेदरलँड्समध्ये नेमके हेच घडताना दिसले. २०११ मध्ये तिथल्या सरकारने संस्कृतीच्या वार्षिक तरतुदीतून २० कोटी युरो, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा, कापण्याचे ठरवले आणि २०१३ पासून कपात लागू झाली. नाटकाच्या तिकिटांवरचा कर ६ वरून १९ टक्के केला गेला. वर्षभरात तो मागे घ्यावा लागला. त्याच वेळी सांगितले गेले की आता उद्यमशील व्हा, दाते शोधा. त्यासाठी २०१२ पासून देणगीवर वाढीव करसवलत आली: संस्कृतीला शंभर युरो द्या, सव्वाशे दिल्याचे धरू. लोकवर्गणीची स्वतंत्र व्यवस्थाही उभी राहिली. हे पर्याय खोटे नव्हते, ते चाललेही. पण पैसा वळला तो तयार नाव असलेल्यांकडे. मोठ्या संग्रहालयांना आणि वाद्यवृंदांना दाते मिळाले. नाटकाचे दस्तऐवज जपणारी राष्ट्रीय संस्था आणि संगीताचे राष्ट्रीय केंद्र यांना २०१२ अखेर दारे लावावी लागली, कारण दस्तऐवजाला देणगी द्यायला कोणी रांग लावत नाही. पुढे २०१७ मध्ये तिथल्याच सल्लागार मंडळांनी सरकारला बजावले की कलाक्षेत्रातली कमाई आणि सुरक्षितता चिंताजनक आहे. म्हणजे संस्था काही प्रमाणात वाचल्या, त्या वाचवण्याचा खर्च पुन्हा कलावंताच्या घरखर्चात गेला, आपल्या नटाच्या तालमीसारखाच. आक्षेप खरा आहे, पण त्यामुळे पर्याय शोधू नयेत असे ठरत नाही. पर्यायी पैसा आणि सरकारी पैसा एकमेकांना बांधावेत असे ठरते: कलावंताने सभासदांकडून रुपया जमवला तर सरकारने त्यावर रुपया घालावा. मग सरकारने हात काढला तर ते दिसते.

तालमीच्या खर्चाला थेट हात घालणारी एक व्यवस्था जर्मनीत १९८३ पासून चालू आहे. तिथे स्वतंत्र कलावंत आणि लेखक यांच्या आरोग्य व निवृत्ती विम्याचा अर्धा हप्ता ते स्वतः भरतात. उरलेल्या अर्ध्यात एकूण हप्त्याचा सुमारे तीस टक्के भाग कलेचा वापर करणाऱ्या कंपन्या देतात, आणि वीस टक्के सरकार. कंपन्या म्हणजे प्रकाशक, नाट्यगृहे, जाहिरात संस्था, वाहिन्या. कलावंताला नियमित मानधन देणाऱ्यांना त्या मानधनावर छोटी आकारणी भरावी लागते. इथे दान नाही, प्रायोजकाचा फलक नाही आणि अनुदानाचा अर्जही नाही. कलेवर ज्याचा धंदा चालतो त्याने कलावंत जिवंत राहण्याच्या खर्चात वाटा उचलायचा, एवढेच. आपल्याकडे २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क मजबूत केला, आणि तो उत्तम झाला. पण लावणीच्या चालीवर, बतावणीच्या ढंगावर, ढोलकीच्या ठेक्यावर कोणाचेच स्वामित्व नोंदलेले नाही. वाहिन्यांचे नृत्याचे कार्यक्रम, चित्रपटातली हुकमी लावणी, लग्नसराईतले कार्यक्रम, मोबाईलवरच्या चित्रफिती, सगळे ते ठेके वापरतात आणि स्वामित्वधनाची पावती कोणाच्याच नावाने फाटत नाही. या वापरावर टक्का-दोन टक्के आकारणी बसवून ती फडांच्या पावसाळी निधीत गेली तर त्याला अनुदान म्हणण्याचे कारण उरत नाही. तो निधी बिनव्याजी उचल देईल, हंगामात परत घेईल आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा देईल. असा निधी काढायला सहकारी पतसंस्था चालवण्याइतकेच ज्ञान लागते, आणि त्या बाबतीत महाराष्ट्राला कोणाकडे शिकायला जावे लागणार नाही. अडचण असलीच तर ती ज्येष्ठाच्या शेवटी राहुट्या उठल्यावर आपल्या उचलीचा आकडा कोणाला सांगायची फडमालकाची तयारी असेल का, ही आहे. सावकाराच्या वहीत तो आकडा आजही आहे, आणि त्या वहीवर दुसऱ्या कोणाची नजर पडत नाही.